लर्नेड हँड यांची बढती १९१७ मध्ये का अडली?

वकीलताई_सातारा

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज लिहून काढते आहे. लांबेल, पण वाचा अशी विनंती.

गेल्या महिन्यात माझ्या ज्युनिअरने विचारलं, "मॅडम, हलगर्जीपणाच्या दाव्यांत ते हँडचं सूत्र येतं ना, ते हँड म्हणजे नक्की कोण?" पक्षकार यायला वेळ होता म्हणून सांगायला बसले, आणि दीड तास कसा गेला कळलं नाही. मुलगी म्हणाली, हे कुठेतरी लिहून ठेवा. म्हणून हा धागा.

हँड म्हणजे लर्नेड हँड, अमेरिकेतले गाजलेले जज. आधी नावाचा उलगडा. 'लर्नेड' म्हणजे विद्वान, ही कोणी दिलेली पदवी नव्हे. ते त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव. पूर्ण नाव बिलिंग्ज लर्नेड हँड, पुढे त्यांनी 'बिलिंग्ज' गाळलं. जन्म २७ जानेवारी १८७२, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावी. घराणं वकिलांचं. वडील गेले तेव्हा हे चौदा वर्षांचे होते. हार्वर्डमधून कायदा शिकून १८९७ च्या सुमारास ऑल्बनीत वकिली सुरू केली, १९०२ मध्ये न्यूयॉर्क शहरात आले. वकिली काही फार चमकली नाही. अशिलाची बाजू रेटून मांडण्यापेक्षा दोन्ही बाजू तोलून बघण्याकडे त्यांचा कल होता. अशा माणसाची जागा बारमध्ये नसते, बेंचवर असते.

अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातल्या, जजची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेट तिला मंजुरी देते. एकदा खुर्चीवर बसलं की तहहयात, महाभियोगाशिवाय कोणी हलवू शकत नाही. कागदावर एवढंच. पण अध्यक्षांच्या टेबलावर नाव पोहोचवतं कोण? १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्यात जजची एक नवी जागा निर्माण झाली. चार्ल्स बर्लिंगहॅम हे तिथले वजनदार वकील, जहाजांच्या खटल्यांत नाव कमावलेले. त्यांनी हँड यांचं नाव उचलून धरलं, ॲटर्नी जनरल विकरशॅम यांच्यापर्यंत नेलं आणि अध्यक्ष टाफ्ट यांनी नेमणूक केली. वय ३७, पगार वर्षाला ६,००० डॉलर. इथवर सगळं सुरळीत.

आता १९१७. एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. १५ जूनला हेरगिरीविरोधी कायदा आला. त्यात लष्करात बेदिली माजवणं, भरतीत अडथळा आणणं हे गुन्हे होते आणि असा मजकूर टपालाने पाठवायला बंदी होती. न्यूयॉर्कला 'द मासेस' नावाचं समाजवादी मासिक निघायचं, संपादक मॅक्स ईस्टमन. त्याचा ऑगस्टचा अंक पोस्टमास्तर पॅटन यांनी अडवला. आक्षेप होता चार व्यंगचित्रांवर आणि चार मजकुरांवर. एका चित्रात स्वातंत्र्याची ती प्रसिद्ध घंटा फुटून तुकडे तुकडे होताना दाखवली होती. मासिक कोर्टात गेलं आणि प्रकरण आलं हँड यांच्यापुढे.

त्याच सुमाराला वरच्या कोर्टात, म्हणजे सेकंड सर्किटच्या अपील कोर्टात, जागा रिकामी होण्याच्या बेतात होती. हँड यांचं नाव घेतलं जात होतं. निकाल सरकारविरुद्ध दिला तर काय होईल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निकालाच्या आधी पत्नी फ्रान्सिस यांना त्यांनी पत्र लिहिलं. त्याचा मतितार्थ असा: बढतीचा विचार मनाला शिवू न देता मला निकाल द्यायचा आहे. माझ्या बुद्धीला मर्यादा असतील तर त्याचं फळ भोगेन, पण चारित्र्याला मर्यादा नसावी. हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोर्टाच्या बाररूममध्ये बसले होते. वही मिटून थोडा वेळ गप्प बसून राहिले.

२४ जुलैला त्यांनी पोस्टमास्तरांविरुद्ध मनाई हुकूम दिला. कारणमीमांसा बघण्यासारखी आहे. राज्यघटनेतल्या भाषणस्वातंत्र्याच्या आधारे त्यांनी कायदा रद्द केला नाही. कायद्याचे शब्द घेतले आणि म्हटलं, युद्धावर जहरी टीका केली की लोकांचं मन भरतीवरून उडेलही, पण म्हणून टीका म्हणजे चिथावणी होत नाही. 'कायदा मोडा, तेच तुमचं कर्तव्य आहे' किंवा 'त्यातच तुमचं हित आहे' असं थेट सांगितलं तरच तो गुन्हा. ही रेषा पुसली तर राजकीय टीका उरतच नाही.

अपील कोर्टाचे जज हफ यांनी लगेच स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये अपिलात निकाल उलटला. मधल्या काळात टपालखात्याने काय केलं बघा: ऑगस्टचा अंक टपालात पडला नाही, म्हणजे मासिक नियमित नाही, म्हणून नियतकालिकांची टपाल सवलत बंद. अंक त्यांनीच अडवला होता! वर्ष संपता संपता मासिक बंद पडलं.

मार्च १९१८ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी ती वरची जागा भरली. हँड तेव्हा आठ वर्षांहून जास्त काळ डिस्ट्रिक्ट जज होते. जागा मिळाली मार्टिन मँटन यांना. मँटन ऑगस्ट १९१६ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी डिस्ट्रिक्ट जज झाले होते. जेमतेम दीड वर्षाचा अनुभव. या मँटन यांचं पुढे काय झालं ते खाली प्रतिसादात सांगेन, इथे फार लांबलं.

हँड यांना अपील कोर्टाची खुर्ची मिळाली डिसेंबर १९२४ मध्ये, अध्यक्ष कूलिज यांच्याकडून. म्हणजे एका निकालानंतर सात वर्षांनी.

मला तुमच्याशी बोलायचं आहे ते या सात वर्षांबद्दल. आपण जजचं मोठेपण निकालांवरून मोजतो. पण निकाल देताना त्या माणसाच्या समोर पाटावर काय वाढून ठेवलं होतं आणि त्याने ते कसं बाजूला सारलं, हे आपण बघतो का?

---

पारिजात

ताई, सुंदर लिहिलंय. पत्राचा भाग वाचून अंगावर काटा आला. मँटनबद्दल लवकर लिहा.

---

प्रश्नचिन्ह

लेख आवडला, पण एक शंका. बढती अडली ती त्या एका निकालामुळेच, हे कशावरून? विल्सन डेमोक्रॅट होते, मँटन डेमोक्रॅट. हँड यांना नेमलं होतं टाफ्टनी, म्हणजे रिपब्लिकन. आपल्या पक्षाचा माणूस नेमायचा ही तिथली वहिवाटच होती. 'मासेस'चा निकाल सरकारच्या बाजूने दिला असता तरी जागा मँटननाच गेली नसती कशावरून?

---

वकीलताई_सातारा

शंका अगदी रास्त. मी शीर्षकात 'का अडली' असा प्रश्न ठेवला तो याचसाठी.

पक्षाचा भाग होताच. त्यात हँड यांनी स्वतःही थोडी भर घातली होती. १९१२ च्या निवडणुकीत त्यांची सहानुभूती थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाकडे होती, आणि १९१३ मध्ये फेडरल जज असतानाच त्या पक्षातर्फे न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, तिथे त्याला कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात, मुख्य न्यायाधीशपदाची निवडणूक लढवली आणि हरले. आपल्याकडे हे ऐकूनच चमकायला होतं. माझ्या मते ती त्यांची चूक होती, आणि ती महागात पडली. ज्या टाफ्टनी त्यांना नेमलं, त्यांचाच पक्ष रूझवेल्टनी फोडला होता. टाफ्ट हे विसरले नाहीत. १९२१ मध्ये टाफ्ट अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले, आणि १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टासाठी हँड यांचं नाव निघालं तेव्हा त्यांनी अध्यक्ष हार्डिंग यांच्याकडे विरोध कळवला.

म्हणजे दोन दोर होते, एक राजकारणाचा आणि एक निकालाचा. हँड यांची स्वतःची समजूत अशी की 'मासेस'ने त्यांचं नुकसान केलं. मी दोन्ही धरते. पण एक लक्षात घ्या, विल्सन यांचं त्या घराण्याशी वैर नव्हतं. लर्नेड यांचे चुलतभाऊ ऑगस्टस हँड यांना १९१४ मध्ये विल्सननीच डिस्ट्रिक्ट जज केलं होतं. ते अर्थात डेमोक्रॅट.

---

प्रश्नचिन्ह

हे पटलं. चुलतभावाचं माहीत नव्हतं.

---

वकीलताई_सातारा

आता मँटन.

अपील कोर्टात ज्येष्ठतेने ते पुढे प्रमुख जज झाले. १९२२ मध्ये त्यांचंही नाव सुप्रीम कोर्टासाठी चाललं होतं, त्या वेळी जागा पियर्स बटलर यांना गेली. मँटन यांचे बाहेर बरेच धंदे होते. १९२९ ची मंदी आली, पैसा बुडाला, आणि त्यांनी खटल्यांतल्या पक्षकारांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. कर्जाच्या नावाखाली, मध्यस्थांमार्फत. जानेवारी १९३९ मध्ये न्यूयॉर्कचे जिल्हा सरकारी वकील थॉमस ड्यूई यांनी प्रतिनिधीगृहाच्या न्याय समितीला पत्र लिहून सगळा हिशेब मांडला. रक्कम ४ लाख डॉलरच्या वर. मँटननी राजीनामा दिला. जूनमध्ये ज्युरीने दोषी धरलं. दोन वर्षं कैद आणि १०,००० डॉलर दंड.

अपील कुठे करणार? त्यांच्याच कोर्टात! सहकारी जज कसे बसणार? म्हणून खास खंडपीठ बसवावं लागलं. सुप्रीम कोर्टातून निवृत्त झालेले सदरलँड, कामावर असलेले न्यायमूर्ती स्टोन आणि अपील कोर्टात नुकतेच आलेले चार्ल्स क्लार्क. शिक्षा कायम झाली. मँटन तुरुंगात गेले.

आणि त्यांच्या जागी सेकंड सर्किटचे ज्येष्ठ जज झाले लर्नेड हँड. वय ६७. जी खुर्ची १९१८ मध्ये मँटन यांच्याकडे गेली होती, तिच्यामुळे कोर्टाला लागलेला डाग पुसायचं काम अखेर हँड यांच्याकडे आलं.

---

गोदीवाला

वकीलताई, मी कायदा शिकलेलो नाही. मुंबई बंदरात टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, चौतीस वर्षं काढली, शेवटची अकरा वर्षं सारंग म्हणून. पण तुम्ही 'हँडचं सूत्र' म्हणालात आणि मला आठवलं, हा तोच बार्जवाला निकाल का? आमच्या एका विमा सर्व्हेअर साहेबांनी सांगितला होता. तसं असेल तर जरा फोडून सांगा, आमच्या कामाचा आहे.

---

वकीलताई_सातारा

काका, तोच! आणि तुम्ही विचारलंत म्हणजे दुधात साखर. मी घटना सांगते, त्यातलं पाण्यावरचं तुम्ही समजावा.

४ जानेवारी १९४४, न्यूयॉर्क बंदर. 'ॲना सी' नावाचं बार्ज धक्क्याला इतर बार्जांसोबत बांधलेलं. आत सरकारी मालकीचं पीठ. 'कॅरोल' नावाची टग तिथलंच एक बार्ज बाहेर काढायला आली. त्यासाठी दोर सोडले, पुन्हा बांधले, आणि मग सहाच्या सहा बार्जांचा ताफा सुटून वाहत गेला. 'ॲना सी' एका टँकरवर आपटलं, टँकरच्या पंख्याने (प्रोपेलरने) पाण्याखाली भोक पाडलं. बार्जवरचा माणूस आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला उतरून गेला होता, एकवीस तास गायब. भोक कोणाला दिसलंच नाही. बार्ज कलंडलं, पीठ पाण्यात, आणि बुडालं.

प्रश्न: बार्जच्या मालकाचीही चूक धरायची का?

हँड यांनी १९४७ च्या निकालात तीन गोष्टी तराजूत घातल्या. अपघात होण्याची शक्यता किती, झाला तर नुकसान किती, आणि तो टाळायचा खर्च किती. शक्यतेला नुकसानीने गुणा. तो गुणाकार खर्चापेक्षा मोठा असेल आणि तरी तुम्ही खबरदारी घेतली नसेल तर तुम्ही हलगर्जी. युद्धाचे दिवस, बंदरात जहाजांची दाटी, जानेवारीतला तोकडा दिवस. कामाच्या वेळात माणूस बार्जवर हवाच होता.

---

गोदीवाला

आता कळलं. सांगतो.

बार्जला स्वतःचं इंजिन नसतं. ते दोरावर जगतं. एकाला एक लागून पाच-सहा बार्ज उभे असले की धक्क्याकडच्या एका दोरावर सगळ्यांचा भार येतो. भरती-ओहोटीला दोर ढिला पडतो, ताणतो, तो सारखा बघून आवळावा लागतो. टगवाले आले आणि त्यांनी दोर सोडून परत बांधला, तर ज्याचं बार्ज आहे त्याच्या माणसाने हात लावून बघायचा असतो. बोलार्डवर, म्हणजे दोर बांधायच्या धक्क्यावरच्या खुंटावर, फास नीट बसलाय का, घासत तर नाही. दुसऱ्याने बांधलेल्या दोरावर आम्ही कधी झोपलो नाही.

आणि पाण्याखालचं भोक वरून दिसत नाही. बार्ज एका अंगाला जड झालं की तळपायाला कळतं. वर उभा असलेल्या माणसालाच ते कळतं, धक्क्यावरच्याला नाही. त्या टगांवर पाणी उपसायचे पंप होते का?

---

वकीलताई_सातारा

होते काका. निकालात ते स्पष्ट आहे. दोन टग मदतीला होत्या, दोन्हींवर पाणी उपसायची सोय होती. वेळेत कोणी सांगितलं असतं तर बार्ज तरंगत ठेवता आलं असतं.

---

गोदीवाला

मग निकाल बरोबर आहे. पंप होता, सांगणारा नव्हता. आमच्या इथे एकदा अगदी असंच झालं होतं, माणूस घरी गणपतीला गेला होता. जीव कोणाचा गेला नाही एवढंच.

---

वैनगंगा

गोदीवाला काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

समुद्रावरचा अजून एक निकाल जोडते. मार्च १९२८ मध्ये दोन टग कोळशाची बार्ज ओढत नॉरफोकहून न्यूयॉर्ककडे निघाल्या. न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ वादळात दोन बार्ज बुडाली. वादळाचा इशारा रेडिओवर आला होता, पण टगांवर चालू रेडिओ नव्हता. मालकांचं म्हणणं, या धंद्यात टगवर रेडिओ ठेवायची पद्धत अजून पडलेली नाही. हँड यांनी १९३२ मध्ये सांगितलं की सगळा धंदाच मागे राहिलेला असू शकतो. सगळे करत नाहीत म्हणून न करणारा सुटत नाही. मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. 'सगळीकडे असंच चालतं' हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकते, तेव्हा मला या टग आठवतात.

---

प्रश्नचिन्ह

पुन्हा एकदा उलट बाजू मांडतो, रागावू नका. १९१७ मध्ये टीका आणि चिथावणी वेगळी मानणारे हेच हँड १९५० मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या अकरा पुढाऱ्यांची शिक्षा कायम करतात. डेनिस खटला. तिथे त्यांनी कसोटी काय लावली? संकट किती मोठं, आणि ते घडण्याची शक्यता किती. संकट पुरेसं मोठं असेल तर शक्यता कमी असली तरी भाषण दाबता येईल. म्हणजे बार्जचंच सूत्र माणसाच्या बोलण्याला लावलं! पीठ बुडणं आणि पक्ष बुडवणं एका तराजूत? ज्या माणसाने सात वर्षं किंमत मोजली, त्यानेच ती रेषा सोडली असं मला वाटतं.

---

वकीलताई_सातारा

रागावू कशाला, हा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. दोन दिवस विचार करून लिहिते आहे.

तराजू एकच आहे, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माझ्या मनालाही डेनिसचा निकाल लागतो. पण 'सोडली' म्हणताना एक पाहा. ते खालच्या पायरीवरचे जज होते आणि ती पायरी त्यांनी फार कडकपणे पाळली. 'मासेस'ची कसोटी अपिलात उलटली. मग सुप्रीम कोर्टाने स्वतःची 'स्पष्ट आणि नजीकचा धोका' ही कसोटी आणली. तीस वर्षांच्या निकालांनी हँड यांचे हात बांधलेले होते. तो खटला भरायलाच नको होता असं त्यांचं खासगी मत होतं, तरी निकाल दिला तो वरच्या कोर्टाच्या निकालांना धरून. सुप्रीम कोर्टाने १९५१ मध्ये त्यांचीच शब्दरचना उचलून शिक्षा कायम केली.

आणि १९१७ ची रेषा? ती मेली नाही. जून १९१८ मध्ये आगगाडीत त्यांची सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होम्स यांच्याशी गाठ पडली. विरोधी मताला वाव देण्याबद्दल दोघांचं बोलणं झालं, पुढे पत्रव्यवहार झाला. नोव्हेंबर १९१९ मध्ये होम्स यांनी एब्रम्स खटल्यात भाषणस्वातंत्र्याच्या बाजूने आपलं प्रसिद्ध भिन्न मत लिहिलं. पुढे १९६९ च्या ब्रँडनबर्ग खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने थेट चिथावणीची जी अट घातली ती 'मासेस'च्या फार जवळ जाते. तेव्हा हँड यांना जाऊन आठ वर्षं झाली होती. १८ ऑगस्ट १९६१ ला ते गेले.

---

अनुच्छेद२१

धागा उशिरा दिसला. घटनेचा विद्यार्थी म्हणून एक दुवा देतो. तो थेट आपल्यापर्यंत येतो.

आपल्या घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेला गेले होते. तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांची भेट सगळ्यांना माहीत असते. 'ड्यू प्रोसेस' (न्याय्य कायदेशीर प्रक्रिया) हे शब्द घातले तर निवडून आलेल्या सभागृहाच्या कायद्यांवर जज कुरघोडी करतील असं त्यांनी बजावलं. पण राव लर्नेड हँड यांनाही भेटले होते. हँड यांचं म्हणणं त्याहून पुढचं: मूलभूत हक्क हे कायद्याच्या बेड्या म्हणून घटनेत घालण्यापेक्षा नैतिक आदेश म्हणून राहिलेले बरे.

आपल्या घटनाकारांनी हे शेवटचं ऐकलं नाही, आणि ते बरंच झालं असं माझं ठाम मत आहे. हक्क कोर्टात बजावता येतील असेच ठेवले. मात्र 'ड्यू प्रोसेस' गाळून आजच्या कलम २१ मध्ये 'कायद्याने ठरवून दिलेली पद्धत' असे शब्द आले. १३ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत यावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभागृहावर सोडला. पण बाबासाहेबांना ती उणीव बोचत असणार. सप्टेंबर १९४९ मध्ये अटकेतल्या माणसाला वकील मिळावा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेलं जावं, हे हक्क देणारं कलम त्यांनी आणलं, आणि आधीच्या कलमावर लोक नाराज आहेत याची कबुली देऊन आणलं. तेच आजचं कलम २२. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टाने कलम २१ मधली पद्धत न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे असं ठरवलं. गाळलेलं मागच्या दाराने परत आलं.

---

पारिजात

हे मला अजिबात माहीत नव्हतं. पण ताई, एक गोंधळ होतोय. ज्याने हक्कांसाठी बढती गमावली तोच म्हणतो हक्क घटनेत नकोत?

---

वकीलताई_सातारा

अनुच्छेद२१, मनापासून आभार. हा दुवा मी विसरले होते.

पारिजात, गोंधळ वाटतो खरा, पण 'मासेस'च्या निकालाकडे परत जा. तिथेही त्यांनी घटनेचा आधार घेऊन कायदा पाडला नव्हता. कायद्याचा अर्थ लावला होता. निवडून न आलेल्या नऊ जणांनी लोकांच्या कायद्यांवर शेवटचा शब्द बोलावा, याची त्यांना आयुष्यभर भीती वाटली. २१ मे १९४४ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये नव्या नागरिकांपुढे त्यांनी छोटंसं भाषण केलं. त्यात ते म्हणाले की स्वातंत्र्य माणसांच्या मनात असतं, तिथे ते मेलं तर कोणतीही घटना, कायदा, कोर्ट ते वाचवू शकत नाही. बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल असं बजावतात. दोघांची चिंता एकच. पण ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्यासाठी लढलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या मनातल्या स्वातंत्र्यावर भिस्त ठेवणं परवडणारं नव्हतं. या मुद्द्यावर मी बाबासाहेबांच्या बाजूने आहे, हँड मला कितीही प्रिय असले तरी.

---

माहीमकर

मुंबईचा एक धागा याच कोर्टाला जोडलेला आहे, हँड तिथे जायच्या आधीचा. भिकाजी बालसरा या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी अमेरिकेचं नागरिकत्व मागितलं. तेव्हा 'गोऱ्या' माणसालाच, किंवा आफ्रिकन वंशाच्या माणसाला, नागरिक होता यायचं. जज लॅकोम्ब यांनी १९०९ मध्ये कचरतच अर्ज मंजूर केला आणि सरकारने अपील करून हे एकदाचं ठरवून घ्यावं असं सुचवलं. १९१० मध्ये सेकंड सर्किटने बालसरांच्या बाजूने कौल दिला. पुढे १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हिंदुस्थानी लोकांना दार बंद केलं. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. मग सरकारने पंडितांचंच नागरिकत्व काढून घ्यायचा दावा लावला, पण १९२६ मध्ये पश्चिमेकडच्या नाइन्थ सर्किटने तो फेटाळला.

---

प्रश्नचिन्ह

शेवटचा प्रश्न. सुप्रीम कोर्टात ते गेलेच नाहीत का?

---

वकीलताई_सातारा

नाही. १९४२ च्या शेवटी जागा झाली होती. फ्रँकफर्टर यांनी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे खूप आग्रह धरला. पण १९३७ मध्ये रूझवेल्टनी सत्तरीपुढच्या जजांचं वय काढून कोर्टात नवे जज घुसवायचा घाट घातला होता. आता सत्तर वर्षांच्या माणसाला कसं नेमणार? जागा वायली रटलेज यांना मिळाली. रटलेज १९४९ मध्ये ५५ व्या वर्षी वारले. हँड त्यानंतर बारा वर्षं जगले आणि नावाला निवृत्त होऊनही खटले ऐकत राहिले.

---

हडसनकाठी

न्यूयॉर्कहून. ताईंचा धागा वाचून रविवारी मुद्दाम खाली गेलो. फोली स्क्वेअरचं उंच कोर्ट, आता थर्गुड मार्शल यांच्या नावाचं, ते १९३६ चं. म्हणजे 'मासेस'च्या वेळी ते नव्हतं. तेव्हा फेडरल कोर्ट सिटी हॉल पार्कच्या दक्षिण टोकाला पोस्ट ऑफिसच्या इमारतीत बसायचं. खाली टपाल, वर कोर्ट. १९३९ मध्ये, मँटनना शिक्षा झाली त्याच वर्षी, ती इमारत पाडली. आता तिथे झाडं आणि बाकं आहेत. बाकावर बसून ताईंनी सांगितलेल्या पत्राचा मजकूर बायकोला मराठीत वाचून दाखवला. फोटो उद्या टाकतो.

---

वकीलताई_सातारा

दादा, फोटो नक्की टाका. ज्युनिअरला दाखवायचे आहेत.